कॉन्फरन्सला गेलेला एक्स्टेंशन बोर्ड

मित्रांनो, मी एक जुना एक्स्टेंशन बोर्ड आहे. दिसायला पाटासारखा, त्यामुळे चुकून कुणी माझ्यावर बसलं तर दोष त्याचा नाही. चाकणच्या एका कंपनीत परदेशातून मशीन आलं होतं, त्याच्या खोक्याची मी फळी. माझ्यावर अजून एक बाण आहे, ‘ही बाजू वर’ असं सांगणारा. रंगरावांनी मला बरोबर उलटं ठोकलं.

रंगराव त्या कंपनीत इलेक्ट्रिशियन. परभणीचा माणूस, वाया जाणारी वस्तू त्यांना बघवत नाही. त्यांनी मला पाच सॉकेट, एक लाल दिवा आणि बोटाएवढी जाड वायर दिली. मग पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीचे गणपती, हळदी, वाढदिवस मी सांभाळले. लोक डीजेचं कौतुक करत. माझ्याकडे कुणी अडखळून पडलं की मगच बघत. पुढे बाजारात पांढरे, गुळगुळीत बोर्ड आले आणि मी माळ्यावर गेलो.

रंगरावांची मुलगी वर्षाली चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात काम करते. तिने एक डबा तयार केला होता. प्रेस मशीनला चिकटवला की तो थरथर मोजायचा आणि आतली डाय, म्हणजे आकार देणारा साचा, तुटायला आली की ओरडायचा. पण शेजारून माल उचलणारी फोर्कलिफ्ट गेली तरी ओरडायचा. कामगारांनी त्याचं नाव ‘रडूबाई’ ठेवलं. शेवटी कारखान्याचे मालक शेखर साहेब म्हणाले, “सोमवारपर्यंत बघतो. नाहीतर काढून टाक.”

शनिवारी ताथवड्याच्या एका कॉलेजात सॉफ्टवेअरवाल्यांची कॉन्फरन्स होती. वर्षालीची पहिलीच. आपल्या अडचणीचं उत्तर तिथे नक्की मिळेल, असं तिला वाटत होतं. निघताना रंगरावांनी मला माळ्यावरून काढलं.

“तुझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली हाय. हे ने.”

“पप्पा, तिथे सगळे चकाचक लोक असणार. मी काय पाट घेऊन जाऊ?”

“ने गं. बसायला बी होईल.”

अशा रीतीने मी पिशवीतून कॉन्फरन्सला गेलो. मला फार कुतूहल होतं. एवढी माणसं जमूनही कुणी नाचत नव्हतं, हे मी प्रथमच पाहत होतो. वर्षाली पहिल्या रांगेत बसून सगळं लिहून घेत होती. वक्त्याने ‘आवाज येतोय का?’ विचारलं, तेही तिने लिहिलं. तीन भाषणं झाली. प्रश्न विचारायला ती वक्त्याजवळ गेली, तर भोवती सेल्फीवाल्यांचा गराडा. ती पाचवी उभी होती. नम्रपणामुळे नववी झाली. मग वक्ता जेवायला गेला.

तेवढ्यात लॅपटॉपही बंद पडला. बिचारी बाहेर व्हरांड्यात आली आणि इकडेतिकडे बघत तिने मला हळूच भिंतीला जोडलं.

“ताई, एक सॉकेट मिळेल का?”

पाच मिनिटांत माझी पाचही सॉकेट भरली आणि पाच माणसं फरशीवर मांडी घालून बसली. शेजारी बसलेल्या, दिव्या नावाच्या तरुणीने विचारलं, “तू काय करतेस?”

“तसं काही विशेष नाही,” वर्षाली म्हणाली.

मित्रांनो, माझा फ्यूज उडायचाच बाकी होता!

दिव्याने मात्र पिच्छा सोडला नाही. “मग इथे काय झोप काढायला आलीस?”

तेव्हा कुठे वर्षालीने डब्याचं रडगाणं सांगितलं. दिव्या हसत सुटली. “अगं, माझं पावलं मोजायचं ॲप असंच होतं! सासूबाई निगडीहून राजगुरुनगरला बसने गेल्या आणि बसल्या जागी चार हजार पावलं! साऱ्या गल्लीला सांगून झालं त्यांचं.”

“मग काय केलंस?”

“नुसते धक्के मोजून भागत नाही. बसमध्ये आहोत हे कळायला दुसरी खूण हवी. मी वेग घेतला. एवढ्या वेगाने सासूबाई चालत नाहीत.”

वर्षालीने वहीत दोन रेघा ओढल्या. मग हळूच म्हणाली, “फोर्कलिफ्ट आली की आधी जमीन हलते, मग मशीन. डाय बिघडली तर आधी मशीनच.”

“मग जमिनीला पण विचार ना, बाई!”

आत पुढचं भाषण सुरू झालं. आमच्यातलं कुणी उठलं नाही.

सोमवारी वीज पुरवायला मीही वर्षालीबरोबर चाकणला गेलो. वर्षालीने दुसरा सेन्सर जमिनीला चिकटवला. फोर्कलिफ्ट सात वेळा गेली. डबा गप्प. कामगार जरा हिरमुसलेच. साडेतीनला मात्र फोर्कलिफ्टचा पत्ता नसताना तो ओरडला.

मशीनवर सोपानराव होते, चाकणचेच जुने. ते म्हणाले, “आता काय झालं गं हिला? भाईर तर कुत्रं बी न्हाई!”

मशीन थांबवून डाय उघडली. आत केसाएवढी चीर होती.

शेखर साहेबांनी चीर पाहिली, डबा पाहिला आणि म्हणाले, “राहू दे.” आमच्या पट्ट्यात याला सत्कार म्हणतात.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. माझी वायर ओढू नका, पिन धरून काढा. माझ्यावर चहाचा कप ठेवू नका. आणि पहिल्यांदा कॉन्फरन्सला गेलात तर एखादं भाषण खुशाल बुडवा, बाहेर येऊन बसा आणि आपलं काय अडलंय ते शेजारच्याला सांगा. त्याचंही काहीतरी अडलेलं असतं. म्हणून तर तो आलेला असतो.