सळई दे जरा, दादा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी सळई आहे. काठी म्हणू नका, मला राग येतो. मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत माझी उंची, खाली निमुळतं टोक आणि वर धरायला आडवी लाकडी मूठ. एका सार्वजनिक गोल्फ मैदानावरच्या अवजारांच्या खोलीत माझं सगळं आयुष्य गेलं. गवत कापायच्या यंत्राचा एक दांडा भंगारात निघाला होता. मैदानाच्या मुख्य माळ्यानं तो वेल्डिंगवाल्याकडे नेला आणि म्हणाला, "याला टोक काढून दे, वर मूठ बसव."

"भाला फेकणार की काय या वयात?" वेल्डिंगवाल्यानं विचारलं.

माळी हसला. अर्ध्या तासात माझा जन्म झाला, आणि माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं हसू होतं. पुढे असं मोकळं हसू मी फार कमी ऐकलं.

आमचं मैदान नऊ होलचं. पहिले सहा होल वर, उतारावर. सात, आठ आणि नऊ खाली, सखल भागात. एका अंगाला नदी. श्रीमंतांचं मैदान नव्हतं हे. बसचे ड्रायव्हर, दवाखान्यातल्या नर्सबाई, निवृत्त झालेले मास्तर अशी माणसं भाड्याच्या काठ्या घेऊन यायची. नव्यानं शिकणाऱ्यांना खालचे तीन होल फार आवडायचे, कारण तिथे चेंडू कितीही वाकडा गेला तरी हरवत नसे. दुखणं एकच होतं. पाऊस जोराचा झाला की मैदानात पाणी साचायचं.

त्यासाठी फार पूर्वी कोणीतरी शहाण्या माणसानं जमिनीखाली भाजक्या मातीचे पाइप घातले होते. त्यांचा नकाशा ऑफिसातल्या कपाटात होता, आणि एका पुरात त्या नकाशाचा लगदा झाला. म्हणजे पाण्याचा बंदोबस्त करणारा कागद पाण्यानंच खाल्ला! तेव्हापासून जमिनीखालचं कळायला मीच उरले. माळी मला मातीत दाबायचा. ओली चिकणमाती मला धरून ठेवते, वाळू खरखरते, मूळ लागलं तर मी किंचित मागे उसळते, आणि पाइप लागला की 'टक्' असा आवाज होतो. तो आवाज मुठीतून त्याच्या तळव्यात जायचा आणि तो म्हणायचा, "सापडलास, लब्बाडा."

या मुख्य माळ्याला सगळे दादा म्हणत. खरं तर तो एकाचाच दादा होता, त्याच्या धाकट्या भावाचा. मी दोनेक वर्षांची असताना त्यानं धाकट्याला कामाला आणलं आणि खालचे तीन होल त्याच्याकडे सोपवले. "वरचं मी बघतो, खालचं तू बघ. नाव काढ बरं का," दादा म्हणाला. धाकटा असा खूश झाला की पहिल्याच दिवशी सातव्या होलचा झेंडा त्यानं घरी नेऊन धुऊन आणला.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातंय. पण सांगते.

धाकट्याला कामाला लागून वर्ष झालं आणि आमच्या मैदानाला शहरांमधल्या स्पर्धेचा मान मिळाला. शेवटचा फोटो चौथ्या होलच्या हिरवळीवर निघणार होता आणि नेमकी तीच हिरवळ ओली राहायची. तिच्या शेजारी उतारावर मातीखाली एक लोखंडी झाकण होतं. झाकणाखाली हौदासारखी एक जागा, आणि वरचं सगळं पाणी तिथे येऊन दोन वाटांनी पुढे जायचं. एक मोठा पाइप हिरवळीखालून थेट नदीला, दुसरा बारीक पाइप खालच्या भागाला. मोठ्या पाइपाचे सांधे सुटले होते, म्हणून हिरवळ खालून पाझरायची. सांधे बदलायचे तर हिरवळ खणावी लागणार, आणि स्पर्धा चार दिवसांवर. हे झाकण दादाला ठाऊक होतं, त्याच्या आधीच्या माळ्याला ठाऊक होतं, आणि तो माळी केव्हाच वारला होता.

बुधवारी दुपारी, मैदानावर चिटपाखरू नसताना, दादानं झाकण उघडलं. खताच्या रिकाम्या पोत्यांत चिकणमाती भरली आणि ती मोठ्या पाइपाच्या तोंडात सारली. हात पोहोचेना तेव्हा त्यानं मला घेतलं. माझ्याच टोकानं त्यानं ती पोती आत, आणखी आत ठासली. "चार दिवसांपुरतं," तो स्वतःशीच म्हणाला.

चौथी हिरवळ खडखडीत वाळली. स्पर्धा झाली, फोटो निघाले. मैदानाच्या साहेबांनी दादाची पाठ थोपटली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माळी असावा तर असा." दादा खाली मान घालून उभा होता. लोकांना वाटलं, किती नम्र माणूस!

पाचव्या दिवशी तो पोती काढायला गेला होता, हे मात्र मी त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पोती फुगून घट्ट बसली होती. मी ओढून ओढून वाकायची वेळ आली, पण ती हलेनात. मग हिरवळ खणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि त्या हिरवळीचा फोटो तर ऑफिसात फ्रेम करून लावलेला. "या हंगामानंतर बघू," म्हणत दादानं झाकणावर माती लोटली आणि वर गवत लावलं. पुढच्या वर्षीही तो तेच म्हणाला. त्याच्या पुढच्या वर्षी काहीच म्हणाला नाही.

वरचं सगळं पाणी आता बारीक पाइपानं खाली उतरायला लागलं. सात, आठ, नऊ बुडायला लागले. पाऊस थांबून आठवडा झाला तरी तिथे पोटरीएवढं पाणी. लोकांनी सगळं खापर धाकट्यावर फोडलं. खेळणारे त्याला 'बेडूकराव' म्हणायला लागले. तो हसायचा, एकदा तर बेडकासारखा आवाजही काढून दाखवला. पण अवजारांच्या खोलीत शिरला की तो तोंडावरून हात फिरवायचा आणि मोठ्या भावाला म्हणायचा, "माझंच कुठेतरी चुकतंय. एखादा पाइप फुटला असणार. सळई दे जरा, दादा."

आणि दादा मला त्याच्या हातात द्यायचा.

मित्रांनो, त्या वेळी मला कसं वाटायचं हे तुम्हाला कसं सांगू? धाकटा मला घेऊन तासन्‌तास खालची जमीन टोचत फिरायचा. जिथे टोचलं तिथे खूण म्हणून एक लाकडी खुंटी मारायचा, म्हणजे तीच जागा पुन्हा नको. 'टक्', 'टक्', 'टक्'. त्याचे सगळे पाइप धडधाकट होते. त्यानं ते कडेवरच्या लेकरासारखे जपले होते. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की अरे वेड्या, वर जा, चौथ्याशेजारी टोच! पण वर दादाचं राज्य. तिथे टोचायला धाकटा कशाला जाईल? आणि मला कुठलं तोंड? संध्याकाळी तो मला पुसून कोपऱ्यात ठेवायचा आणि म्हणायचा, "नाहीच सापडत रे दादा. कुठेतरी पाणी मुरतंय खास." दादा चप्पल शोधायच्या निमित्तानं खाली वाकायचा.

अशी एकोणीस वर्षं गेली.

मग मैदानाच्या नूतनीकरणाचा हुकूम आला. एक इंजिनिअर बाई आल्या. त्यांच्याकडे लहान मुलाच्या बाबागाडीसारखं एक यंत्र होतं, जमिनीवरून ढकललं की खालचं पडद्यावर दाखवणारं. "चल माझ्या बाळा," असं त्या यंत्राला म्हणायच्या. मी कोपऱ्यात पडून गंज खात होते, आणि खरं सांगते, मला त्या बाळाचा मत्सर वाटला. पण आशाही वाटली. हे तरी बोलेल! बाई चौथ्या होलपाशी आल्या तेव्हा दादा आडवा आला. "तिथे चाक नका फिरवू, मॅडम. हिरवळीवर खुणा उठतात. माझी एवढ्या वर्षांची मेहनत आहे." बाई भल्या होत्या. त्यांनी चौथा होल आणि त्याच्या आजूबाजूचा उतार सोडून दिला.

पंधरा दिवसांनी अवजारांच्या खोलीतल्या टेबलावर नवा नकाशा अंथरला गेला. तो गुंडाळला जात होता म्हणून कोणीतरी मलाच त्याच्यावर आडवं ठेवलं. खालच्या तीन होलांच्या जागी निळा रंग होता.

"इथे तळं करू," बाई म्हणाल्या. "वरचे सहा होल तेवढे राहतील. खालचा भाग मुळातच पाणथळ आहे, उगाच झगडण्यात अर्थ नाही." मग त्या धाकट्याकडे वळल्या. "तुमची नोकरीची चार वर्षं राहिलीत ना? तुम्हाला पार्किंगजवळच्या कुंड्या देऊ."

धाकट्यानं निळ्या रंगावर बोट ठेवलं. "मुळात नाही हो मॅडम. मी आलो त्या वर्षी इथे धूळ उडायची. दादाला विचारा. दादा सांगेल ते खरं."

सगळे दादाकडे बघायला लागले. दादाचा हात माझ्या मुठीवर होता आणि तो हात घामानं भिजला होता.

"पहिल्यापासून पाणथळच आहे ते," दादा म्हणाला.

धाकट्यानं निळ्या रंगावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाला, "दादा म्हणतो म्हणजे असेल. मीच विसरलो असेन."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोमवारी सकाळी खोदायचं यंत्र आलं आणि सातव्या होलपाशी घरघरत उभं राहिलं. धाकटा पहाटेपासून खुंट्या उपटत होता. बादली भरली, दुसरी भरली, तिसरी भरली. त्या उचलून तो खोलीपाशी आला आणि दादापुढे ठेवल्या.

"एवढ्या?" दादा म्हणाला.

"एकोणीस वर्षांच्या आहेत, होणारच की." धाकट्यानं हात झटकले. "अजून तास आहे म्हणतोय ड्रायव्हर. नवव्याच्या कडेला एक जागा राहिलीय टोचायची. सळई दे जरा, दादा. शेवटचं."

दादानं मला उचललं. पण दिलं नाही. त्यानं एकदा तिन्ही बादल्यांकडे बघितलं. मग तो चढ चढायला लागला. "अरे, तिकडे कुठे?" म्हणत धाकटा मागे. चौथ्या हिरवळीशेजारी येऊन दादानं मला जमिनीत दाबलं.

'ठण्ण!'

हा आवाज पाइपाचा नव्हता. धाकट्यानं दादाकडे पाहिलं आणि गुडघ्यांवर बसून हातांनीच माती उकरली. झाकण निघालं. तो पालथा पडून आत डोकावला, हात घातला आणि ओढून ओढून पोत्याचा एक तुकडा बाहेर काढला. त्यावरचं बैलाचं चित्र अजून दिसत होतं.

"हे खत तर आपण त्या स्पर्धेच्या वर्षीच आणलं होतं," धाकटा हळूच म्हणाला. "नंतर कधी नाही."

"मीच कोंबली ती," दादा म्हणाला. "चार दिवसांसाठी."

खालून यंत्रवाला ओरडला, "सुरू करू का हो?"

"मी एकोणीस वर्षं तुझ्याकडे ही सळई मागत होतो," धाकटा म्हणाला. "आणि तू देत होतास?"

"देत होतो."

धाकट्यानं आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझी मूठ धरली, मला दादाच्या हातातून काढून घेतलं आणि तो एकटाच उतार उतरून इंजिनिअर बाईंकडे गेला. "यंत्र थांबवा, मॅडम. वर चला, तुम्हाला एक दाखवायचंय."

बाईंनी हौद पाहिला, पोती पाहिली आणि कपाळाला हात लावला. नकाशा पुन्हा काढावा लागला. दादाची चौथी हिरवळ खणली गेली, तिथे नवे पाइप आले आणि पाणी थोपवायला एक खळगाही झाला. ऑफिसातला फोटो दादानं स्वतःच उतरवला. खालचे तीन होल वाचले. नदी काही आमचं ऐकत नाही, अजूनही ती कधीकधी आत येते. पण आता दोन दिवसांत पाणी निघून जातं, आणि धाकट्याला आता कोणी बेडूकराव म्हणत नाही. नोकरीची उरलेली वर्षं तो सातव्या होलवरच काढतोय.

दादा निवृत्त झाला. तरी रोज सकाळी तो येतो. हौदात पालापाचोळा अडकू नये म्हणून दोन्ही वाटा मोकळ्या करायचं काम त्यानं स्वतःहून मागून घेतलंय. त्याला मी लागते. पण त्या सोमवारपासून धाकटा त्याच्याशी बोललेला नाही. म्हणून धाकटा मला रोज अवजारांच्या खोलीच्या दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवतो, म्हणजे दादाला मागावं लागत नाही आणि त्याला द्यावं लागत नाही. दादा मला उचलतो, काम करतो, पुसून परत जागेवर ठेवतो आणि निघून जातो.

मित्रांनो, गंज लागला तर मला घासा, तेल लावा, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं एक मागणं आहे. आपली हिरवळ कोरडी राहावी म्हणून तुम्ही कधी एखादी वाट बुजवलीत, तर त्याच दिवशी संध्याकाळी सांगून टाका. सांगायला उशीर केला की पोती फुगतात, मग ती कोणालाच ओढून निघत नाहीत.

काल सकाळी दादा मला ठेवून वळला आणि दार उघडलं. धाकटा बाहेर आला. त्यानं मला लगेच उचललं नाही. नुसता माझ्या मुठीवर हात ठेवला. मूठ अजून गरम होती. दादा फाटकापर्यंत जाईतो त्यानं हात काढला नाही.