नाकामागची धनीण

कापसाचा बोळा, आणि त्यावर रक्ताचा ठिपका – ज्वारीच्या दाण्याएवढा, लालभडक. कोपराच्या खळगीतून तो उचलून बयाबाईनं खिडकीच्या उजेडाला धरला. भुवया झडल्या, आवाज घोगरा झाला, चैताच्या उन्हात अंगावर दोन स्वेटर, आणि विहिरीच्या चार पायऱ्या चढायच्या तर मधेच बूड टेकावं लागतं... अशा या विझत आलेल्या अंगात रक्त मात्र इतकं तरणं कुणी राखलं असेल?

"टाक की ते, आये. डबा हाय तिथं," शेजारी बसलेला धनाजी म्हणाला.

"माझं रगात हाय. बघू दे जरा. तुझ्या बापाचं काय जातंय?"

बापाचं आता काही जाणार नव्हतं. हरिबा जाऊन बरीच वर्षं झाली. पण लेकाला बोलताना बाप मधे ओढायची सवय सुटली नव्हती. सांगलीच्या त्या दवाखान्यात बाकड्यावर बसलेल्या बाया तिच्याकडे वळून बघायला लागल्या तशी तिनं पदर सारखा केला आणि मान ताठ धरली. बघू देत. उभ्या वस्तीत एवढी गोरी बाई दुसरी नाही. धोंडुबाईसारखी कजाग सासू, तीसुद्धा म्हणायची – पोर झाल्यापासून माझी सून कशी चांदीसारखी निघाली...

गोळीनं घात केला होता. अंगात त्राण नाही म्हणून वडूजच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, थायरॉईड कमी आहे म्हणाला, गोळी लिहून दिली. उभारी यायची सोडून ती महिन्याभरात गोठ्यात शेणाच्या पाटीसकट आडवी झाली. ओकाऱ्या, डोळ्यांपुढं अंधार. जी बाई बसल्या जागेवरून अख्खं घर हलवायची, तिला दोघांनी उचलून माच्यावर ठेवली, आणि सुनेच्या तोंडावर, क्षणभर का होईना, दया दिसली. पडल्यापेक्षा ते लागलं. म्हणून सांगली.

नाव पुकारलं. डॉक्टर राजनंदिनी म्हणजे नातीएवढी पोरगी, केस कापलेले. बयाबाईच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, पण त्या पोरीनं आधी तिचा हात हातात घेतला, तळवा उलटा करून बघितला, भुवईवरून अंगठा फिरवला, आणि ते शब्द कुठं गेले कळलं नाही. मेंढरू विकत घेताना जाणता माणूस असाच हात लावतो. दात बघायच्या आधी.

"थायरॉईड कमी आहे, ते खरं," डॉक्टर म्हणाल्या. "पण थायरॉईडला काम सांगणारी दुसरी एक ग्रंथी आहे. इथं, नाकाच्या मुळामागं, मेंदूच्या खाली. हरभऱ्याएवढी. मला वाटतं, तिथूनच हुकूम सुटत नाही."

"हरभऱ्याएवढी? आन् ती समद्यांना कामं सांगती?"

"सगळ्यांना, आजी. वाढ, ऊब, पाळी, दूध... सगळं."

"म्हंजे आमच्या आयेसारखीच," धनाजी म्हणाला आणि हसला. डॉक्टरही हसल्या. बयाबाईला हसू आलं नाही. ती डोळ्यांनी आपल्याच नाकामागं काही दिसतं का ते बघत होती.

"बाळंतपण कुठं झालं होतं तुमचं?"

"रानात. मेंढरं घिऊन खाली गेलो हुतो तवा."

"रक्त फार गेलं होतं का?"

फार म्हणजे काय... गोधडी भिजली, गोधडीखालचं पोतं भिजलं, पोत्याखालची माती. सासू ती माती खोऱ्यानं ओढून लांब पुरत होती, कुत्री येतील म्हणून. माथ्यावर उन्हाचा पांढरा तुकडा, कुठंतरी कोकरू ओरडतंय आणि आपण खाली खाली निघालोय, विहिरीत सोडलेल्या घागरीसारखं. दोर कुणाच्या हातात आहे ते दिसत नव्हतं. पण कुणीतरी धरला होता...

"लय गेलं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग धनाजीकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही दोन मिनिटं बाहेर थांबता का?"

आता काय विचारणार ते बयाबाईला कळलं. इतक्या वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं. विचारायचं कारणच नव्हतं, कारण त्याचं उत्तर सगळ्या वस्तीनं परस्पर देऊन टाकलं होतं. धनाजी झाल्यावर ती पुन्हा कधी बाहेर बसलीच नाही. जावा महिन्याच्या महिन्याला बाजूला बसायच्या, देवघराकडे पाठ करायच्या. ही बारा महिने तेरा काळ सोवळी. देवाची दिवाबत्ती हिच्याकडे आली. मग देवाच्या पेटीची किल्ली आली, किल्लीमागून घर आलं, आणि बिरोबाच्या जत्रेत पहिलं भंडाऱ्याचं ताट उचलायचा मान आला – ऐन तारुण्यात, म्हाताऱ्या बायांना मागं सारून. देवानं हिला स्वतःसाठी राखून ठेवली, असं पुजारी सगळ्यांदेखत बोलला होता. तेव्हापासून मी कुणापुढं वाकले नाही. का वाकू? मला राखलेली होती.

आणि ही पोरगी आता ते एका गोळीच्या पाकिटावर आणून ठेवणार. पाळी यायची की, असं म्हटलं तर? दोन शब्दांचं काम. ताट राहील, मान राहील... आणि गोठ्यात पुन्हा आडवी पडेन, या वेळी कदाचित उठायची नाही.

धनाजी उठायला लागला होता.

"बस तू," ती म्हणाली. "तुझ्याच येळची गोष्ट हाय. इचार गं बाई, काय इचारायचंय ते."

"दूध आलं होतं?"

"न्हाई."

"पाळी परत सुरू झाली?"

"न्हाई. कवाच न्हाई."

धनाजी फरशीकडे बघत होता. डॉक्टर सावकाश सांगत होत्या – बाळंतपणात फार रक्त गेलं की कधी कधी ती ग्रंथी उपाशी पडते, मरते. आज काढलेल्या रक्ताचा निकाल येऊ दे, डोक्याचा एमआरआय होऊ दे, तोवर पक्कं म्हणता येणार नाही. पण आजपासून ही दुसरी गोळी आधी सुरू करायची, थायरॉईडची मागाहून, मी सांगेन तेव्हाच; ती एकटीच आधी घेतली म्हणूनच तुम्ही आडव्या झालात. "इतकी वर्षं तुम्ही कसं निभावलंत, आजी?" असंही त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात दया नव्हती. खरंच नवल होतं.

परतीच्या वाटेवर धनाजीनं कडेगाव मागं टाकलं. दोन्हीकडे ऊस होता, हिरवागार, अंगावर आल्यासारखा. मग ऊस विरळ झाला.

"मग मी कुणाच्या दुधावर वाढलो, आये?"

"शेरडाच्या. काळं हुतं. लय शिंगाळ."

"आन् तू तर म्हंतीस, माझं दूध प्यालायस..."

"शेरडू माझंच हुतं की."

तो हसला, पण डोळे पुसून. मग म्हणाला, "म्हंजे यंदा जत्रंला ताट..."

"ताटाचं काय?"

"काय न्हाई."

बाहेर माळ सुरू झाला होता, आपला, ओळखीचा. बांधावर बाभळी, आणि लांब कुणाचा तरी कळप उन्हात मान खाली घालून उभा. बयाबाईनं तर्जनी नाकाच्या मुळाशी ठेवली, नथीच्या वर, जिथं जत्रेत भंडारा लावतात त्याच्या जरा खाली. तिथं आत, हाडाच्या कोनाड्यात, हरभऱ्याएवढी एक धनीण होती. बाईला बाई करणारी, दूध सोडणारी, ऊब देणारी, सगळ्या घराला उठवणारी. ती त्या दिवशी रानात रक्ताबरोबर गेली... कुणाला न सांगता, आणि मागं दार नुसतं लोटून. कोनाडा रिकामा. आणि त्या रिकाम्या कोनाड्यासमोर मी इतकी वर्षं दिवा लावत आले?

राग येईल असं तिला वाटलं होतं. ती रागाची वाट बघत राहिली. पण आला तो काटा, स्वेटरच्या आत, दंडावरून मानेपर्यंत, जत्रेत ढोलावर पहिली थाप पडते तेव्हा येतो तसाच. धनीण गेलेली, चुलीत विस्तव नाही, हुकूम द्यायला कुणी नाही... आणि तरी लेक वाढला, मेंढरं राखली, विहीर पाडली, सून आणली, एवढं तोंड वाजवलं. कुणाच्या शब्दावर चाललं हे घर? दोर कुणाच्या हातात होता?

"दुखतंय का?" धनाजीनं विचारलं.

"न्हाई रं. गप गाडी चालव."

बोट तिनं तिथंच ठेवलं. हलकेच, देवघरातल्या निजलेल्या मूर्तीवर ठेवावं तसं. आणि आत कोण आहे, कोण नाही, याची चाहूल घेत ती कधी नव्हे ती गप्प बसून राहिली.