भिंतीवरचा कोट

आमच्या संत तुकाराम नगरात माणूस मेला की त्याला कोट मिळतो. जिवंतपणी मिळत नाही. फोटो स्टुडिओवाला कंपनीच्या ओळखपत्रावरचं तोंड कापतो, संगणकातल्या निळ्या कोटावर बसवतो, गळ्यात लाल टाय बांधतो आणि मागं ढग सोडतो. शेजारच्या विमलबाईंचा नवरा त्याच कोटात. त्यांच्या समोरच्या घरातले त्याच कोटात. आणि ज्या सुपरवायझरनं दोघांना जन्मभर छळलं, तोही त्याच कोटात. टायची गाठसुद्धा एकच.

आमचे हे गेले तेव्हा माझ्या नणंदेचा मुलगा ज्ञानेश, त्याचंही फोटोचंच दुकान, म्हणाला, "मामी, मामांचा फोटो मी करून आणतो, मस्त कोटात."

"कोट लागणारच," मी म्हटलं, "पण तुझ्या दुकानातला न्हाई. माझी लेक चित्रकार हाय. बापाचं चित्र तीच काढंल."

हे मी चार बायकांत बोलले. माझं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. वर्षाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला चित्र लागणार, म्हणून बाबासाहेबांच्या फोटोखाली खिळासुद्धा ठोकून ठेवला.

आता माझ्या लेकीचं सांगते. मिनल तिचं नाव. तिचा स्टुडिओ कंपन्यांच्या भागात, निघोज्याला. ती स्टुडिओ म्हणते, मी पत्र्याचा गाळा म्हणते. एका बाजूला लोखंडावर रंग भाजणारे पावडर कोटिंगवाले, दुसऱ्या बाजूला मशिनींसाठी लाकडी खोकी ठोकणारे. एकाचा वास, दुसऱ्याचा दणदणाट, आणि मधे माझी लेक ब्रश घेऊन. खोकेवाल्यांच्या मोडक्या फळ्या आणते, त्या जोडते, घासते, त्यांवर चित्रं काढते. म्हटलं, "बाजारात कागद मिळत न्हाई का?" तर म्हणे, "आई, ह्या फळ्या मशिनीबरोबर कुठून कुठून आल्यात. आपल्या लोकांसारख्याच."

पोटासाठी ती शाळांच्या भिंतींवर वाघ-सिंह रंगवते. जिवासाठी काय रंगवते? कंपनीच्या बसमध्ये झोपलेली माणसं. शिफ्ट सुटलेली, तोंड उघडं, डोकं काचेला टेकलेलं. सगळा गाळा झोपलेल्या माणसांनी भरलाय. पावडर कोटिंगचे कामगार चहाला येतात आणि त्यात एकमेकांना हुडकतात.

"भावा, हा नवनाथ बघ. लाळ पण सोडली नाय ताईनं."

"तुझं तोंड तरी कुठं बंद हाय त्या चित्रात?" असं नवनाथ म्हणतो, पण चित्रापुढून हलत नाही.

मी एकदा विचारलं, "जागी माणसं मिळत न्हाईत का तुला?"

"मिळतात. पण मी जे पाहिलंय तेच काढते, आई."

ह्या एका वाक्यावरून पुढं सगळं घडलं.

कार्यक्रम जवळ आला तशी मी डबा घेऊन निघोज्याला गेले. गुरुवार होता. इकडं त्या दिवशी कंपन्यांना सुट्टी, म्हणून शेजारची ठोकाठोक बंद. मिनलनं फळीवरचं फडकं काढलं. समोर हे उभे होते. बसची वाट बघताना उभे राहायचे तसे, एका पायावर जोर देऊन, खांद्याला डब्याची पिशवी. डोळे असे की आता विचारतील, चहा झाला का. मला तिथल्या स्टुलावर बसावंच लागलं.

मग माझं लक्ष कपड्यांकडं गेलं.

"हे काय घातलंस त्यांच्या अंगावर?"

"कंपनीचा ड्रेस."

"मला डोळे हायेत. खाकी हाय ते दिसतंय. कोट कुठाय?"

"पप्पांना मी कोटात कधी पाहिलंय का?"

"वाघ पाहिलायस? शाळेच्या भिंतीवर बरा काढतीस!"

तिला हसू आलं, पण टिकलं नाही. "वाघ पगारासाठी. हे पप्पा आहेत. खोटं काढायला गेले की माझा हातच चालत नाही. मग ते ज्ञानेशच्या संगणकातले कुणीतरी होतील. मला भिंतीवर कुणीतरी नकोय, मला पप्पा पाहिजेत."

"जन्मभर कंपनीचे कपडे घातले त्या माणसानं. मेल्यावर पण तेच? आता कुठल्या गेटवर हजेरी द्यायचीय त्यांना?"

"मला शाळेत सोडायला ह्याच ड्रेसमध्ये यायचे. मला कधी लाज वाटली नाही." तिनं माझ्याकडं बघितलं. "तुला वाटते का?"

मी डबा तिथंच ठेवला आणि उठून आले. बसमध्ये बाई शेजारी बसायला आली तर तिलाही खिडकी दिली नाही, इतकी तापले होते.

लाज! त्या खाकीवर मी जन्मभर साबण घासलाय. माझी लेक मला लाज विचारते. तिला कोटाचं काय माहीत? आणि माहीत कसं असणार, मी कधी सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

मी दुसऱ्या दिवशी थेरगावला गेले. डांगे चौकाच्या मागं रंगराव टेलर आहेत, ह्यांचे जुने ओळखीचे. ह्यांचा एक शर्ट मापाला नेला.

"निळा कोट शिवायचाय," मी म्हटलं.

"कुणाचं लग्न काढलं, वहिनी?"

"ह्यांचंच."

रंगरावांनी शर्ट हातात घेतला, कॉलर बघितली आणि टेप काढली. मग म्हणाले, "ट्रायलला कोण येणार?"

"तुमच्या हातावर विश्वास न्हाई का तुमचा? शिवा."

कोट झाला तशी तो घेऊन परत निघोज्याला गेले. कार्यक्रम तोंडावर आला होता. मिनल डोळ्यांखाली काळी पडली होती. खाकीवर हात फिरवून फिरवून तिथला रंग जाड झाला होता. मी पिशवीतून कोट काढला आणि तिच्या खुर्चीवर टाकला.

"घे. पाहिला न्हाई म्हणत हुतीस. आता बघ."

तिनं कापड चिमटीत धरून बघितलं. "आई, खुर्चीवरचा कोट म्हणजे दुकानातला कोट. अंग कुठंय त्यात?"

"अंग पाहिजे? मी घालते."

"तू?"

"का? तुझ्या बापाच्या अन् माझ्या खांद्यात काय फरक हुता? त्यांचे शर्ट मी थंडीत घालतच हुते की."

पदर खोचला आणि उजवा हात बाहीत घातला. घालता घालता तिला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.

"आमच्या लग्नात तुझ्या बापाच्या अंगावर कोट हुता. गावच्या गुरुजींचा. मागून आणलेला. पंगती बसायच्या आत गुरुजींचा भाऊ आला. त्याला दुसऱ्या लग्नाला जायचं हुतं, म्हणाला कोट द्या. ह्यांनी मांडवातच काढून दिला. आत शर्टाला पाठीवर ठिगळ. सगळ्या मांडवानं बघितलं. मी पण. खाली मान घालायची सोडून टकामका बघत हुते. तर हे मला हळूच म्हणाले, बरं झालं गेला, लई उकडत हुतं."

मिनल स्टुलावर टेकली.

"मग म्हणायचे, रिटायर होईन त्या दिवशी कोट घालीन. त्या दिवशी पण ड्रेसवरच गेले. म्हणाले, सगळे ड्रेसमध्ये असतात, मी एकटा कोटात कशाला. आणि मग..." पुढं मला बोलायचं नव्हतं, म्हणून मी दुसरा हात मागं नेला आणि बाही शोधायला लागले. तर बांगड्या अस्तरात अडकल्या. बांगड्या मी काढलेल्या नाहीत. काढा म्हणणाऱ्यांनाच दाराबाहेर काढलं होतं. आता हात पुढं जाईना की मागं येईना.

"अगं ये, सोडव की!"

"थांब," मिनल म्हणाली.

"काय थांब? हात मोडंल माझा."

"आई, हलू नकोस. पाया पडते तुझ्या. तशीच थांब."

तिनं कोळसा उचलला होता. मी तिला लहानपणापासून ओळखते. तापात असली की तिचे डोळे असे व्हायचे. मी उभी राहिले. एक हात कोटात, दुसरा पाठीमागं बाही चाचपत. पाठीला रग लागली.

"हात खाली आणू का?"

"नाही."

"तुझ्या बापानं लग्नात एवढा वेळ कोट घातला न्हवता!"

ती हसत होती आणि बाहीनं नाक पुसत होती, आणि तिचा हात थांबत नव्हता.

चित्र तिनं मला दाखवलं नाही. "त्या दिवशीच बघ," म्हणाली. मीही विचारलं नाही. कोट मिळाला, अंग मिळालं, आता काय अडचण?

कार्यक्रमाच्या दिवशी खोकेवाल्यांच्या टेम्पोतून चित्र आलं, चादरीत गुंडाळलेलं. भंतेजी आले होते, घर भरलं होतं, बार्शीहून नणंद सोजराबाई आल्या होत्या. फळीचं चित्र असं जड की माझा खिळा बघूनच ज्ञानेश हसला. खुर्चीवर टेकवून ठेवलं. मिनलनं चादर ओढली.

हे उभे होते. अंगात खाकी ड्रेस. उजवा हात निळ्या कोटात. डावा मागं, बाही शोधणारा. मान किंचित वळलेली, आणि तोंडावर ते 'लई उकडत हुतं' म्हणतानाचं हसू.

अर्धाच कोट! मी चार बायकांत बोललेली. विमलबाई माझ्याकडं बघत होत्या. मिनल भिंतीला टेकून उभी, हाताच्या मुठी वळलेल्या. शाळेत निकालाच्या दिवशी अशीच उभी राहायची.

सोजराबाई चष्मा पुसत पुढं गेल्या. लग्नात त्या होत्या. त्यांनीच ह्यांना नंतर दुसरा शर्ट आणून दिला होता. त्यांनी चित्राला हात लावला नाही, नुसता जवळ नेला.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "दादा कोट घालतोय का काढतोय गं?"

मिनलनं माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं बघितलं.

"घालतायत," मी म्हटलं. "परत मागायला आता कोण येतंय?"

सोजराबाईंनी पदर तोंडाला लावला. मी ज्ञानेशकडं वळले.

"आणि तू उभा काय राहतोस? जा, मोठा खिळा आण."