बॅटरीवरचा भोंगा

लिंबाजी उदगीरला विरूपाक्षच्या दुकानात रेडिओ दुरुस्त करायचा. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष होतं आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. त्या हिवाळ्यात त्यानं रिकाम्या वेळात एक अँप्लिफायर जोडायला घेतला. तो गावच्या बौद्ध विहारासाठी होता, पण खरं तर आईसाठी.

त्याची आई धुरपताबाई बाबासाहेबांची गाणी स्वतः रचून गायची. वय सत्तरीला आलेलं. गळा अजून सुरात होता, पण आवाज दोन हातांपलीकडं जात नव्हता. गेल्या जयंतीला भाड्यानं आणलेला भोंगा तिचं दुसरं गाणं सुरू होताच बंद पडला. लाईट फक्त बौद्धवाड्याची गेली होती. वरच्या गावात बल्ब जळत होते.

अँप्लिफायर तयार झाला, पण त्याला वीज कुठून द्यायची यावर लिंबाजी महिनाभर अडून बसला.

"मेनच्या लाईटवर कर," विरूपाक्ष म्हणाला. "चांगला ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घे. तीस वॅट सहज निघतील. बारा व्होल्टाच्या बॅटरीवर निम्मा आवाज तरी येईल का?"

"ट्रान्सफॉर्मर कितीबी चांगला असू द्या मालक. विहिरी आटल्या तशा बोअरच्या मोटारी वाढल्या. संध्याकाळी दीडशे व्होल्ट बी येत न्हाईत, नुसती घूंऽ ऐकू येईल."

"मग दिवसा वाजव."

"आमच्या वाड्याचा फ्यूज वरच्या गावातल्या खांबावर हाय," लिंबाजी म्हणाला.

विरूपाक्षनं मान खाली घातली आणि हातातल्या रेडिओचे स्क्रू सोडवायला घेतले.

लिंबाजीनं ट्रकची जुनी बॅटरी मिळवली, दुकानात चार्ज केली आणि एस.टी.च्या टपावर बांधून गावी नेली. उतरवताना तेजाब सांडून सदऱ्याला भोकं पडली. विहारात तारा जोडल्या तेव्हा माय माईकपुढं बसली आणि एकच ओळ गायली. बाहेर कडुनिंबाखाली बसलेल्या बायांनी माना वळवल्या. स्वतःचाच आवाज बाहेरून ऐकून म्हातारी दचकली, मग पदर तोंडाला लावून हसली.

जयंतीला चार दिवस होते तेव्हा सरपंच हणमंतराव स्वतः वाड्यात आले. असं कधी होत नसे. त्यांच्या हातात टँकरच्या फेऱ्यांचा कागद होता. त्यावर जुन्या जिल्ह्याचं छापील नाव खोडून वर 'लातूर' लिहिलं होतं.

"लिंब्या, तुझं मशीन दे. टँकर कधी येतो ते वस्त्यावस्त्यांवर सांगायचंय."

"तुमच्याकडं हाय की, सरपंच."

"ते लाईटवरचं. ट्रॅक्टरवर कसं चालंल? तुझं बॅटरीवर चालतंय म्हणून तर आलो."

लिंबाजीला नाही म्हणायचं होतं. आतून मायच बोलली, "दे बाबा. पाण्याच्या कामाला न्हाई म्हणू नये."

"तेराला सांजच्याला आणून देतो," सरपंच म्हणाले.

तेरा तारखेला लिंबाजी त्यांच्या दारात दोनदा जाऊन आला. मशीन ट्रॅक्टरवर होतं, ट्रॅक्टर शिवारात होता. चौदाला सकाळीही तेच उत्तर मिळालं.

शेवटी धुरपताबाई तशीच गायला उभी राहिली. पुढच्या तीन रांगांना ऐकू येत होतं. मागचे लोक ओठांकडं बघून ताल धरत होते. बाबासाहेबांच्या शाळेचं कडवं सुरू झालं आणि वरच्या गावातून भोंगा वाजला.

"टँकर आलाऽ! टँकर आलाऽ! बौद्धवाड्यातल्या बायांनी लवकर यावं. मागून तक्रार चालणार न्हाई!"

आवाज खणखणीत होता. कुठं घरघर नाही, कुठं तुटणं नाही. लिंबाजीला प्रत्येक सांधा ओळखू आला.

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. चार दिवस घागरी रिकाम्या होत्या. धुरपताबाई कडव्याच्या मधेच थांबली.

"जावा गं," ती म्हणाली. "लेकरं तान्हेली हायती."

घटकाभरात मंडपात म्हातारी माणसं आणि लिंबाजी एवढेच उरले. बाया परतल्या तेव्हा निम्म्यांच्या घागरी रिकाम्याच होत्या. वरच्या गावाचं भरून झाल्यावरच टँकर आल्याचं भोंग्यावर सांगितलं होतं. वेळ मुद्दाम साधली की तशीच जुळून आली, हे लिंबाजीला कधी कळलं नाही. विचारायला गेला तेव्हा हणमंतराव म्हणाले, "टँकर काय तुमच्या जयंतीचा मुहूर्त बघून यील?"

मशीन मृगात परत आलं. कुणीतरी बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. दोन्ही पॉवर ट्रान्झिस्टर जळाले होते, आत करपल्याचा वास होता. लिंबाजीनं खूण म्हणून लाल तारेला गाठ मारून ठेवली होती, तीही कुणीतरी सोडली होती.

"तुझ्या मशीनमधीच दम नव्हता," ट्रॅक्टरवाला जाता जाता म्हणाला.

लिंबाजीनं आठवड्यात ते दुरुस्त केलं. बॅटरी जोडली, माईक आईपुढं धरला.

"गा की, माय."

तिनं माईक हातानं बाजूला सारला. "नको. त्यातनं मला टँकरच ऐकू येतो."

तो दुसरा माईक घेऊन आला, भोंगा बदलून बघितला. म्हातारीनं मान हलवली. ती पुन्हा कुणासमोर गायली नाही. चुलीपुढं गुणगुणायची, तेही लिंबाजी आला की थांबायची.

दिवाळीनंतर त्यानं अँप्लिफायर आणि बॅटरी विरूपाक्षच्या दुकानात विकायला आणून ठेवली. हाताळ्याच्या जत्रेत भांडी विकणारा गुंडप्पा येऊन बघू लागला.

"किती वॅटचं हाय?" त्यानं विचारलं.

"बारा," लिंबाजी म्हणाला. "लई लांब जातो आवाज."

गुंडप्पानं मशीन उचलून गाड्यावर ठेवलं. लिंबाजीनं त्याला लाल तार कुठं लावायची ते दोनदा दाखवलं, आणि समोरचा उघडा रेडिओ पुढं ओढला.