कोरड्या मैदानावरचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. घायपाताच्या वाखाचा, तीन पदरी, बारा वाव लांब, म्हणजे दोन्ही हात पसरून मोजलेले बारा पल्ले. माझ्यावर कोणी धडा लिहिलेला नाही आणि माझा फोटोही कधी कुठे छापून आला नाही. पण माझ्या आवाक्यात असताना, माझ्या डोळ्यांदेखत एक मुलगा गेला. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आधीच सांगतो, ही तशी नाही.

माझा जन्म होंडुरासमधला, सुंकुया नदीकाठच्या एका गावातला. तोमासा आजीने मला वळले. पाने ठेचून, खरवडून, धुऊन तिने वाख काढला, तो दोन दिवस उन्हात वाळवला आणि शेजारणीला चाकाशी बसवून मला पीळ दिला. हाताला साले निघाली तरी पीळ सैल पडू दिला नाही. मला न्यायला शाळेतले एलिसेओ मास्तर आले होते. गावचे स्काउट पथक तेच चालवत.

"मजबूत आहे ना, आजी?" त्यांनी मला ताणून पाहिले.

"मजबूत आहे का म्हणे! तुम्ही टिकाल त्याच्या दुप्पट टिकेल," आजी म्हणाली. "पण मास्तर, वाखाचा दोर कोरडा असतो तेव्हा गुणी बाळ असतो. पाणी प्यायला की जड होतो, ताठ होतो, कुणाचं ऐकत नाही. पोरांना ओला दोर हाताळायला शिकवा, नाहीतर नेऊच नका."

मास्तरांनी ते मनावर घेतले. निदान तेव्हा तरी घेतले.

पथकात मला कामाची कमतरता नव्हती. नवी मुले पहिल्या पायरीसाठी माझ्यावर गाठी शिकत. सपाट गाठ, खुंटागाठ, न आवळणारा फासा. त्यांच्या घामट बोटांनी मी काळा पडलो. दुसऱ्या पायरीला माझ्या वेढ्यांनी बांबू बांधून ओढ्यावर पूल करायचा आणि त्यावरून मास्तरांना चालवायचे. मास्तर वजनदार होते, त्यामुळे ही परीक्षा दोन्ही बाजूंची असे. तिसऱ्या आणि शेवटच्या पायरीला मात्र जीवरक्षक बिल्ला लागे, आणि तो बिल्ला म्हणजे खायचे काम नव्हते. आधी मला नदीत बुडवून चिंब करायचे. मग वरच्या अंगाला एक वाळका भोपळा सोडायचा. मुलाने खडकावर उभे राहून मला असे फेकायचे, की वाहत्या भोपळ्याच्या किंचित पुढे, आठ वावांवर मी पडलो पाहिजे. तीनपैकी दोनदा. पडलो तर मास्तर पथकाच्या वहीत आपल्या हाताने लिहीत, "नदीत, ओल्या दोराने." चौदा वर्षांत असे अकराच जण लिहिले गेले.

मुले रडत, आया मास्तरांकडे रदबदलीला येत. मास्तर म्हणत, "बाई, मी पास करीन हो. पण नदीकडे वशिला चालत नाही." मला त्यांचा फार अभिमान वाटे.

नेरेइदा तेरा वर्षांची होती. बगळा संघाची संघनायक. हातापायांनी काटकुळी, पण हट्टी इतकी, की एकदा गाठ सुटेना म्हणून जेवण सोडून बसली होती. दोनदा ती त्या खडकावर उभी राहिली आणि दोन्हीदा मी भोपळ्याच्या अलीकडेच पाण्यात पडलो. तिच्या संघातला ओल्विन, बारा वर्षांचा, गावभर बडबड करत फिरणारा पोरगा, काठावर लोळून हसला.

"ताई, भोपळा म्हणतोय, मला नाही वाचायचं! तू राहू दे!"

"थोबाड बंद कर, नाहीतर भोपळ्याच्या जागी तुला सोडीन."

"सोड ना. मी तुझ्यासाठी हळूहळू वाहीन." मग त्यानेच मला गोळा केले, पिळले आणि खांद्यावर टाकून तिच्याबरोबर घरापर्यंत आला. त्या दोघांचे असे होते.

त्या ऑक्टोबरात पावसाने मुक्कामच ठोकला. नदी फुगली, खडक बुडाला. त्यातच निरोप आला, की पुढच्या रविवारी जिल्ह्याचे प्रमुख पथक बघायला येणार आहेत. तीन वर्षांत ज्या पथकातून एकही जण तिसऱ्या पायरीला पोहोचला नाही, त्याचा झेंडा काढून घेऊन त्याला पलीकडच्या गावच्या पथकात घालायचे, असा नियम झाला होता. आमचे तिसरे वर्ष सरत आले होते.

मास्तर चार दिवस नदीकडे बघत राहिले. पाचव्या दिवशी, पाऊस जरा थांबला तसे, ते पोरांना फुटबॉलच्या मैदानावर घेऊन गेले. चुन्याच्या दोन रेघा मारल्या. "ही नदी," म्हणाले. पलीकडच्या रेघेवर एक जुना टायर ठेवला. "हा बुडणारा माणूस." पोरे फिदीफिदी हसली. मास्तर हसले नाहीत.

मी आठवडाभर चुलीवरच्या माळ्यावर वाळत पडलेला, पिसासारखा हलका. नेरेइदाने मला डोक्यावरून गरगरवले आणि फेकले. काय सांगू तुम्हाला! मी हवेतून सरळ गेलो, एकही वेटोळे अडकले नाही, आणि बरोबर टायरमध्ये उतरलो. दुसऱ्यांदा जरा बाजूला पडलो, तिसऱ्यांदा पुन्हा तसाच आत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मलाही आनंद झाला, हे मी लपवणार नाही. वर्षानुवर्षे नापास होणाऱ्या पोरांबरोबर मीही नापास होत आलो होतो. कोणी आपल्याला शाबास म्हणावे, हे दोरालाही हवेसे वाटते.

मास्तरांनी वही काढली. नेरेइदा त्यांच्याजवळ गेली.

"मास्तर, दोर भिजवायचा राहिला."

"माहीत आहे."

"आणि टायर तर हलतच नाही."

"नेरेइदा, नदी उतरली की पहिल्या शनिवारी आपण नीट घेऊ परीक्षा. मी शब्द देतो. आता फक्त कागद होऊ दे. पथक मोडलं तर तुझी परीक्षा घेणार कोण?"

ती खाली वाकून मला गोळा करू लागली. मास्तरांनी लिहिले, "नदीत, ओल्या दोराने. तीनपैकी दोन." त्यांचे अक्षर एरवी फार सुंदर, त्या दिवशी मात्र ओळ खाली घसरत गेली होती.

रविवारी झेंडा वाचला. आमच्याकडची रीत अशी, की बिल्ला आईने सर्वांसमोर बाहीवर शिवायचा. नेरेइदाच्या आईने हिरव्या दोऱ्याने बारीक टाके घातले आणि केळीच्या पानात उकडलेले मक्याच्या पिठाचे तामाले गावभर वाटले. जाळे फेकणारा मकारियो कोळी, ज्याच्या हाताचा नेम साऱ्या नदीकाठाला ठाऊक, तोसुद्धा येऊन म्हणाला, "आता आम्ही बुडायला मोकळे! पोरगी आहे ना!" सगळे हसले. नेरेइदाही लाजून हसली.

नदी उतरल्यावरचा पहिला शनिवार आला, तेव्हा मास्तरांना ताप होता. त्याच्या पुढच्या शनिवारी शाळेची तपासणी निघाली. नेरेइदाने दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली नाही. येता जाता लोक तिच्या बाहीकडे बघत होते, धाकटी मुले तिला सलाम ठोकत होती. मित्रांनो, मी तिला दोष देत नाही. बिल्ला एकदा अंगावर शिवला गेला, की तो आपला नाही असे म्हणायला फार मोठी छाती लागते. आणि मी? मी माळ्यावर ऊबेत होतो. मलाही त्या थंड पाण्यात परत जायची घाई नव्हती.

नोव्हेंबरच्या मध्यावर पुन्हा आलेल्या पुराने गावचा झुलता पूल मोडला. लोक होडीने ये-जा करू लागले. मास्तर पुलाच्या खटपटीसाठी तालुक्याला गेले होते, म्हणून होडीत गाठोडी चढवायला बगळा संघ काठावर गेला. नेरेइदाने मला खांद्यावर घेतले होते. सकाळपासून भुरभुर चालू होती आणि मी पाणी पीत होतो.

दुपारी तीनचा सुमार असेल. ओल्विन मक्याचे पोते होडीत देत होता. पायाखालचा दगड सरकला आणि पोत्यासकट तो पाण्यात गेला. पोते बुडाले. त्याचे डोके मात्र वर आले, सहा वावांवर.

मकारियो जवळच उभा होता. त्याने झेप घेऊन नेरेइदाच्या खांद्यावरून मला ओढले, निम्मी वेटोळी एका हातात, निम्मी दुसऱ्या हातात घेतली. ते हात मला लगेच कळले. ओल्या जाळ्यांवर आयुष्य काढलेले हात होते ते. मी मनात म्हटले, आता पोचतो.

"मकारियो, तिला दे! तिला दे!" मागून कोणी ओरडले. "बिल्ला तिच्याकडे आहे!"

"दे रे, ती शिकलेली आहे!"

मकारियोने नेरेइदाच्या बाहीकडे पाहिले. तामाले त्यानेही खाल्ले होते. त्याने मला तिच्या हातात दिले. "घे बाय, लवकर!"

ती म्हणू शकली असती, "नाही, तुम्हीच टाका." मी तिच्या ओठांकडे बघत होतो. ते हलले, पण सगळा काठ तिच्याकडे बघत होता.

तिने मला मैदानावर फेकले होते तसेच फेकले. सगळी वेटोळी एकदम, डोक्यावरून. मी शिळेसारखा जड झालो होतो. ओल्विनच्या दोन वाव अलीकडे मी पाण्यावर आपटलो. तिने मला ओढले, चिखलातून पुन्हा गोळा केले, पुन्हा फेकले. या वेळी मी पोचलो, पण तो जिथे होता तिथे. तो टायर नव्हता. तो पुढे गेला होता. मी त्याच्या पाठीमागे पडलो, आणि त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"ताई!" एवढेच तो म्हणाला.

तिसऱ्यांदा मकारियोने मला हिसकावून घेतले. त्याने फार सुरेख फेकला. पण तिथे कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओल्विन खालच्या वळणावर सापडला.

त्यानंतर मला फार मान मिळाला. मला धुऊन, वाळवून, काळी फीत बांधून चर्चच्या सभागृहात काचेच्या कपाटात ठेवले. जिल्ह्याहून पत्र आले, की नेरेइदाला शौर्यपदक द्यायचे. तिने प्रयत्न तर केला होता ना! पत्र वाचायला मास्तरांनी सगळ्यांना तिथेच बोलावले. ओल्विनची आई दिल्सिया पुढच्या बाकावर बसली होती. मास्तरांनी पत्र उघडले, मिटले, परत उघडले.

नेरेइदा उठून उभी राहिली. "मला पदक नको. मी ओला दोर पोचवून कधीच पास झाले नव्हते. मैदानात झाले. मला माहीत होतं."

दिल्सियाबाईंनी मास्तरांकडे पाहिले.

"खरं आहे?"

"खरं आहे," मास्तर म्हणाले. "तिनं मला सांगितलं होतं. लिहिलं मी. झेंड्यासाठी लिहिलं."

"मकारियोच्या हातात दोर होता, मास्तर."

"हो."

"तुमचं लिहिणं नसतं, तर त्याच्याच हातात राहिला असता."

मग दिल्सियाबाईंनी पदराआडून बोलावे तसे, अगदी हळू म्हटले, "माझं पोर तर गेलं. आता त्या पोरीच्या बाहीवर काय लावलंय ते काढा. ती मेल्यासारखी फिरतेय त्याच्या ओझ्यानं. तिच्या आईला नका काढायला लावू. तुम्ही काढा."

मास्तरांनी दाढीचे पाते मागवले आणि सगळ्यांसमोर ते हिरवे टाके एकेक करून उसवले. दोनदा पाते त्यांच्या बोटात गेले. नेरेइदा हलली नाही. बिल्ला निघाला तेव्हा बाहीवर गडद चौकोन राहिला.

"मास्तर," ती म्हणाली, "परीक्षा कधी?"

शनिवारी झाली. कपाट उघडून त्यांनी माझी फीत सोडली आणि मला नदीत बुडवले. नोव्हेंबरचे पाणी हाडापर्यंत शिरले. काठावर दिल्सियाबाई होत्या, मकारियो होता. तिने एकदा फेकला, चुकला. दुसऱ्यांदा भोपळ्याच्या पुढे पडला. तिसऱ्यांदा चुकला. मास्तरांनी वही गुडघ्यावर ठेवली, जुनी ओळ खोडली आणि खाली लिहिले, "नेरेइदा. नदीत, ओल्या दोराने. तीनपैकी एक. नापास." या वेळी ओळ सरळ आली.

ती रडली नाही. मला गोळा करून ती मकारियोजवळ गेली आणि म्हणाली, "काका, तुम्ही वेटोळी दोन हातांत कशी घेता ते दाखवा." आणि त्याने दाखवले, अंधार पडेपर्यंत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, की आम्हाला जपा, ऊनपावसापासून वाचवा. मी उलटे मागतो. मला काचेच्या कपाटात ठेवू नका. मला हार घालू नका. मी कुजलो तर कुजू दे, दुसरा दोर वळता येतो. पण तुमच्यापैकी कोणाच्या बाहीवर जीव वाचवण्याचा बिल्ला शिवायचा असेल, तर त्याआधी मला भिजवा.