डाव्या पॅनेलची तुटलेली खुंटी

मित्रांनो, मी एका मोटरसायकलचं जुनं साइड पॅनेल आहे. सीटच्या खाली, मागे बसणाऱ्याच्या पायाजवळ जो तिकोनी लाल तुकडा दिसतो, तो म्हणजे मी, डाव्या बाजूचं. इंजिनाचा रुबाब माझ्या वाट्याला कधी आला नाही. बॅटरी आणि तारा धुळीपाण्यापासून झाकून ठेवायच्या, एवढंच माझं काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं गेलं आणि श्वास घ्यायच्या आत मी घट्ट झालो. माझ्या पाठीला तीन खुंट्या आहेत. त्या गाडीच्या रबरी भोकांत रुतून बसतात. वरच्या कोपऱ्यात एक स्क्रू असतो, पण तो सीटच्या काठाखाली लपलेला. माहीत नसलेल्याला तो दिसतच नाही.

माझे मालक लिफ्ट दुरुस्त करायचे. घरात धाकटा भाऊ त्यांना दादा म्हणायचा, म्हणून मीही दादाच म्हणतो. मला काढायचं असलं की दादा आधी तो स्क्रू सोडवत, रबराला साबणाचं पाणी लावत आणि एकेका खुंटीमागे बोटं घालून मला सरळ बाहेर घेत. इतक्या वर्षांत माझ्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. वहिनी, म्हणजे दादांची बायको, घरी शाळेचे गणवेश शिवायच्या. शिवलेले कपडे दुकानात पोचवायला त्या मांडीवर गाठोडं घेऊन माझ्या बाजूला पाय सोडून मागे बसत. सुखाचे दिवस होते ते!

एके दिवशी धाकट्याची नोकरीसाठी मुलाखत होती. दादा म्हणाले, “गाडी तूच घेऊन जा. मी आज चालत जातो.” धाकट्याने बटण दाबलं. गाडी हूं नाही की चूं नाही. बॅटरीची तार सैल झाली असणार, हे त्याला कळलं. स्क्रूचं मात्र त्याला ठाऊक नव्हतं. त्याने मला ओढलं. मी हललो नाही. मग त्याने फटीत पेचकस घातला आणि जोर लावला.

कट्! माझी वरची खुंटी मुळापासून तुटली आणि स्क्रूच्या भोकापासून पोटापर्यंत तडा गेला.

तेव्हा कुठे धाकट्याला तो स्क्रू दिसला आणि त्याने तो सोडवला. पण घड्याळ थांबत नव्हतं. त्याने तार आवळली, मला कसंबसं दाबून बसवलं आणि गाडी हाणली. नोकरी मिळाली. येताना त्याने झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब घेतली, खुंटी चिकटवली, तडा बुजवला आणि स्क्रू घट्ट पिळला. बाहेरून पाहणाऱ्याला शंकाही येऊ नये असं ते काम होतं.

घरी आनंदीआनंद होता. धाकटा म्हणाला, “दादा, गाडीचं एक सांगायचं होतं…”

“गाडीचं मरू दे रे! आधी सांग, रुजू कधी व्हायचंय?”

तो हसला आणि तारीख सांगितली. गाडीचं सांगायचं राहूनच गेलं.

आठवडाभर मी उन्हात तापत होतो, खड्ड्यांतून थरथरत होतो. गोंद सुटत चालला होता. मला कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. वहिनींना दुकानात घेऊन जाताना, पाइप टाकायला खणलेल्या रस्त्यावर, खुंटी सुटली आणि तडाही उघडला. मी वहिनींच्या पोटरीवर फडफड आपटू लागलो.

“अहो, हे काहीतरी सुटतंय!” त्या ओरडल्या. हेल्मेटमध्ये दादांना ऐकू गेलं नाही. वहिनी मला धरायला वाकल्या, आणि नेमकं तेव्हाच पुढचं चाक खड्ड्यात गेलं. त्या उजव्या हातावर पडल्या. मी रस्त्यावर घसरत गेलो आणि जवळजवळ दुभंगलो.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

प्लास्टर घालून वहिनींना घरी आणलं, तरी दादा घाबरलेलेच होते. पण त्यांची भीती रागाच्या वाटेने बाहेर पडली. “चालत्या गाडीवर वाकतं का कुणी? आणि तुझी ती पॅनेलला पाय टेकवून बसायची सवय! त्यानेच ते सैल झालं.”

वहिनी आपल्या पायांकडे बघू लागल्या. दारात उभ्या असलेल्या धाकट्याने तेव्हाही खरं सांगितलं नाही.

तीन आठवडे मी एका पिशवीत, दारामागे पडून होतो. शाळा उघडायला आल्या होत्या, आणि गणवेशांसाठी घेतलेलं कापड वहिनींना परत पाठवावं लागलं. भेटायला येणाऱ्यांना त्या स्वतःच सांगत, “माझीच चूक. माझाच पाय लागला असणार.” हे बोलणं निघालं की धाकटा पाणी आणायला म्हणून उठायचा. त्या दिवसांत घरात पाणी फार आणलं जायचं! मला जीभ असती तर मी पिशवीतून ओरडलो असतो.

माझ्यासारखं पॅनेल आता बाजारात मिळत नव्हतं. म्हणून दादांनी धाकट्यालाच मला दुरुस्तीला न्यायला सांगितलं. बाजारामागच्या गल्लीत एक मावशी प्लास्टिक जोडून द्यायच्या. खुर्च्या, बादल्या, गाड्यांचे बंपर, सगळं त्यांच्याकडे यायचं. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि मला उजेडात धरलं.

“हे दोनदा तुटलंय.”

“नाही, पडलं तेव्हाच…”

“ही कड बघ. पांढरी, ताजी. आणि ही पिवळट, गोंदाची. कुणीतरी आधी ओढून तोडलंय आणि झाकून ठेवलंय. हा गोंद काचेसारखा कडक होतो रे, गाडीची थरथर त्याला सोसत नाही.” मग त्यांनी वर पाहिलं. “कुणाला लागलं तर नाही ना?”

धाकटा स्टुलावर बसला. “वहिनीला. मनगट मोडलं.”

“घरी ठाऊक आहे?”

त्याने मान हलवली. नाही.

मावशींनी मला साबणाने धुतलं, जुना गोंद खरवडून काढला. तडा पुढे पळू नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं. मग सोल्डरिंगच्या तापलेल्या सळईने पोलादी जाळी माझ्या अंगात रुतवली आणि वरून माझ्याच जातीचं प्लास्टिक वितळवून भरलं. नवी खुंटी घडवली. फार भाजलं, मित्रांनो. पण समोर बसलेल्या त्या मुलाचा चेहरा पाहून वाटलं, याच्यापेक्षा माझं बरं चाललंय.

“रंग दोन दिवसांनी देते,” मावशी म्हणाल्या.

“नको. असंच द्या.”

घरी येऊन त्याने मला दादांच्या आणि वहिनींच्या मधे, टेबलावर पालथं ठेवलं. “दादा, हे मी तोडलं होतं. मुलाखतीच्या दिवशी. चिकटवलं आणि सांगितलं नाही. वहिनीचा पाय लागला नव्हता.”

वहिनींचा आवाज आधी आला, अगदी हळू. “तीन आठवडे मी रोज आठवून बघतेय, माझा पाय कुठे होता. रोज. आणि तू समोर जेवत होतास.”

“वहिनी, मार मला हवं तर.”

“मारायला हात कुठे आहे?” मग त्या दादांकडे वळल्या. “आणि तुम्ही. लिफ्ट अडकली तर आधी तपासता, मग बोलता. मला मात्र न तपासताच बोललात.”

दादांनी मला उचललं आणि ते त्या नव्या खुंटीवरून अंगठा फिरवत बसले.

पुढे सगळं आलबेल झालं, असं मी सांगणार नाही. दादा महिनाभर भावाशी कामापुरतंच बोलले. प्लास्टर निघालं, पण वहिनींचं मनगट पूर्वीसारखं वळत नाही. कापडाची जड कात्री धरवत नाही. आता धाकटा कामावर जाण्याआधी त्यांनी खडूने आखून दिलेलं कापड कापतो. सुरुवातीला वाकडं कापलं, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, “हे तुझ्या सरावाला ठेव. दुसरं घे.” मला नवा रंग मिळाला, मी गाडीवर घट्ट बसलोही. वहिनी अजून चालतच दुकानात जातात.

म्हणून मित्रांनो, माझं एक मागणं ऐका. कुठलंही झाकण निघेना झालं तर जोर लावू नका. कुठेतरी एखादा स्क्रू राहिला असेल, तो शोधा. आणि तरीही तुमच्या हातून काही तुटलंच, तर त्याच दिवशी घरात सांगून टाका. ओरडा बसेल, बसू द्या. तुम्ही गप्प राहिलात, तर तो दोष घरातलं दुसरं कुणीतरी उचलून अंगावर घेतं आणि एकटंच आतल्या आत झुरत बसतं. मी ते दारामागून ऐकलंय.