त्याच्या मापाचा स्वेटर

"हात पसर," मावशी म्हणाली, आणि भाच्याने दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरले. तिने लोकरीचा दोरा त्याच्या पाठीमागून घेतला, छातीवर आणला आणि थांबली.

"आत काय घातलंयस एवढं?"

"बनियन."

"किती?"

"थंडी आहे, मावशी."

"शर्ट काढ. गोणीचं माप घ्यायला बसले नाहीये मी."

भाच्याने आज मुद्दाम दोन बनियन घालून वर जाड शर्ट चढवला होता. येताना एका दुकानाच्या काचेत स्वतःला निरखूनही घेतलं होतं. बरा भरल्यासारखा दिसत होता. पण मावशीच्या बोटांपुढे असल्या युक्त्या चालत नाहीत, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. शाळेत होता तेव्हापासून दर थंडीच्या सुरुवातीला ती त्याला बोलवायची, खिडकीपाशी उभं करायची आणि माप घ्यायची. टेप तिला चालत नसे. एकच लांब दोरा होता, आणि दर वर्षी छातीच्या मापावर त्याला एक गाठ पडायची.

माप त्याचं, पण स्वेटर त्याचा नव्हे.

तसं मावशीच्या हातचं काही मिळालं नाही असा माणूस नात्यागोत्यात शोधूनही सापडला नसता. बाळांना टोपरी, जावयांना हातमोजे, शेजारणीला शाल, दूधवाल्याला कानटोपी. भाच्याला मात्र दर वर्षी मफलर. "मावशीचा जीव माझ्या गळ्यावर," तो चारचौघांत म्हणायचा, "बाकीचा मी तिच्या खिजगणतीतही नाही." मामेभाऊ त्याला 'पुतळा' म्हणायचे, कपड्यांच्या दुकानातला. सगळे हसायचे आणि मग कुणीतरी घाईघाईने विषय बदलायचं, कारण त्याच्या मापाचा स्वेटर कुणासाठी असतो ते सगळ्यांना माहीत होतं.

त्याच्यासाठी. त्या घरात 'तो' म्हटलं की एकच. मावशीचा मुलगा, भाच्याच्याच वयाचा, त्याच्याच उंचीचा, त्याच्याच हाडापेराचा. तो शाळेत असताना मावशी त्याचा स्वेटर विणत होती आणि एका बाहीला लोकर कमी पडली. तोच रंग पुन्हा मिळतो न मिळतो, दुकानातला संपायच्या आत आणलेला बरा, म्हणून तिने त्याला भर दुपारी पिटाळलं. "पळत जा आणि पळत ये," म्हणाली. दुकानदार म्हणाला, पोरगा आलाच नाही. विहिरी पाहून झाल्या, स्टेशनं पाहून झाली, पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. काही म्हणजे काही कळलं नाही, बरं नाही की वाईट नाही. पुढच्या थंडीत मावशीने भाच्याला खिडकीपाशी उभं केलं. "तोही एवढाच झाला असेल," म्हणाली.

तेव्हापासून भाचा दोघांच्या वाटचा वाढत आला. दाढी करताना त्याला कधीकधी वाटे, आपल्या पाठीमागे आपल्याच अंगाचं कुणीतरी उभं आहे, आपण जरा बाजूला झालो की आरशात दिसेल. तो बाजूला होत नसे. एकदा त्याने मिशी ठेवली, तर मावशीने विचारलं, "त्याला आवडेल का?" दुसऱ्या दिवशी मिशी गेली. लोक भुताला घाबरतात. याला भुताची सवय झाली होती, आणि तेच जास्त वाईट.

गेले काही महिने तो वाळत चालला होता. पोट दुखायचं, अन्न टिकायचं नाही. वायरिंगची कामं करणारा माणूस, पण शिडीवर चढलं की पाय लटपटायचे. शेवटी तपासण्या झाल्या. आतड्याचा तुकडा काढावा लागेल, डॉक्टर कागदातून मान वर न करता म्हणाले, पुढचं मग बघू. हे 'पुढचं मग बघू' त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला सांगावं तर ती बहिणीला सांगितल्याशिवाय राहणार नाही. आणि मावशीला कळलं की? आपण गेलो तर आईचा मुलगा जाईल. मावशीचा मात्र दुसऱ्यांदा जाईल. या विचाराने त्याची झोप उडाली होती. स्वतःच्या मरणाची भीती त्यानंतर यायची.

त्याने शर्ट काढला, मग दोन्ही बनियन काढले. मावशीने दोरा पुन्हा फिरवला. तो सैल पडला. ती ओढत गेली, ओढतच गेली, आणि तिचा अंगठा गेल्या वर्षीच्या गाठीवरून मागे सरकत सरकत कॉलेजच्या वयातल्या गाठींपाशी येऊन थांबला.

बाहेरच्या खोलीत काकांनी, मावशीच्या यजमानांनी, रेडिओ बंद केला.

"त्याचं असं व्हायचं नाही," मावशी हळूच म्हणाली. "तो खाऊनपिऊन असतो."

भाच्याला हात खाली घ्यायचंही सुचलं नाही. मावशीने दोरा सोडला आणि बोटांनी त्याच्या बरगड्या चाचपल्या, एक एक करून.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मला शेंड्या लावू नकोस. कधीपासून?"

मग त्याने सांगितलं. बुधवारी ऑपरेशन आहे इथपर्यंत सगळं. डॉक्टरांचं शेवटचं वाक्यही सांगून टाकलं.

"आईला?"

"नाही सांगितलं."

"आणि मला सांगायला काय धाड भरली होती?"

भिंतीशी पत्र्याची पेटी होती. तिच्यात ते स्वेटर होते, तळाशी लहान, वर मोठे. भाचा तिच्याकडे बघत राहिला.

"मग तू माप कुणाचं घेणार होतीस?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

मावशीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं ती त्याचे खांदे बघत आली होती, छाती, मनगटं. तोंडाकडे असं कधी पाहिल्याचं त्याला आठवेना.

"मेल्या," ती म्हणाली, "हे ओझं घेऊन हिंडत होतास?"

ती उठली, पेटी उघडली आणि सगळ्यात वरचा स्वेटर काढून झटकला. डांबराच्या गोळ्या जमिनीवर घरंगळल्या.

"डोकं घाल."

"मावशी, हा त्याचा आहे."

"कुणाचा आहे ते मला सांगतोस? मी विणलाय. घाल म्हटलं ना."

त्याने डोकं घातलं. आत अंधार, डांबराचा वास, आणि क्षणभर त्याला वाटलं की आत आधीच कुणीतरी आहे. मग डोकं बाहेर आलं. बाह्या बरोबर बसल्या. छातीशी स्वेटर ढगळ लोंबत होता.

"आणि तो आला तर?"

मावशी त्याच्या खांद्यावरची शिवण सरळ करत होती. तिने हात थांबवला नाही.

"आला तर त्याला दुसरा विणेन. बुधवारपर्यंत हा अंगातून काढायचा नाही. मी येणार आहे तिकडे. हेही येतील."

काका दारात येऊन उभे होते. "दोघंही?" त्यांनी विचारलं. "मग घरी कोण?"

त्या दुपारनंतर हे घर कधी एकटं राहिलं नव्हतं. लग्नाला एक जायचा, मर्तिकाला दुसरा. पोरगा यायचा आणि दार बंद दिसायचं, एवढंच कारण. पण तेवढ्यासाठी दोघांनी मिळून कधी नदीकाठची संध्याकाळही पाहिली नव्हती.

"कुलूप लावू," मावशी म्हणाली.

काकांनी चपला पायात सरकवल्या. "आणावं लागेल," म्हणाले, "पण बाहेरची कडी तरी हलते का कोण जाणे."

"बघतो मी," भाचा म्हणाला.

दार रात्री फक्त आतून लावायचे. बाहेरची कडी रंगाच्या थरांखाली दाराला चिकटून बसली होती. भाच्याने खिशातला पेचकस काढला आणि कडेकडेने रंग खरवडायला सुरुवात केली. काका कुलूप आणायला गेले. आत मावशीने सुया उचलल्या असाव्यात, नव्या टाक्यांचा आवाज येत होता. कुणाच्या मापाचं, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

रंगाचा एक मोठा पापुद्रा निघाला. त्याने कडी धरून जोर लावला. ती सुटली आणि दारावर खाडकन आपटली.

आतल्या सुया थांबल्या.

"कोण आहे?" मावशीने विचारलं. आवाज कोवळा होता, घाईचा होता, कितीतरी वर्षांपूर्वीच्या बाईचा होता. भाच्याला वाटलं, मागे वळून बघावं. तो वळला नाही.

"मीच आहे, मावशी."



"बरं," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "मग आत ये. वारं लागेल तुला."